भोसरीतला क्लाउड : बांधणी आणि सेटिंग

अपाची क्लाउडस्टॅकची अधिकृत प्रत मागितली, तर हाती पडतो तो नुसता सोर्स कोड. क्लिक केलं आणि बसलं, अशी फाइल अपाची फाउंडेशन देत नाही. उबंटूवर किंवा रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर चालणारी तयार पॅकेजं मिळतात, पण ती प्रकल्पातल्या मंडळींनी केलेली सोय आहे. फाउंडेशनच्या नियमात ‘रिलीज’ म्हणजे सोर्स. आवृत्ती बाहेर पडण्याआधी मतदान होतं, तेही सोर्सवरच. त्यामुळे सोर्सपासून बांधणं हा हौशी लोकांचा आडमार्ग वाटला, तरी कागदोपत्री हमरस्ता तोच आहे.

हे सॉफ्टवेअर करतं काय? चार-सहा सर्व्हर, त्यांच्या डिस्का आणि नेटवर्क यांची एकत्र मोट बांधतं. ‘दोन कोअर, आठ जीबी मेमरी, अमुक नेटवर्क’ एवढं सांगितलं, की कुठल्या सर्व्हरवर जागा आहे ते पाहून त्यावर व्हर्च्युअल मशीन उभं करतं, त्याला पत्ता देतं आणि कुणी, कधी, किती घेतलं याची नोंद ठेवतं. ही सुरुवात २००८ मधली. शेंग लियांग हे पूर्वी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जावा व्हर्च्युअल मशीनवर काम केलेले गृहस्थ. त्यांनी कॅलिफोर्नियात व्हीएमऑप्स नावाची कंपनी काढली, पुढे तिचंच नाव क्लाउड डॉट कॉम झालं. २०११ मध्ये सिट्रिक्सने ती विकत घेतली, २०१२ मध्ये कोड अपाचीच्या हवाली केला आणि मार्च २०१३ मध्ये तो तिथला पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. या सगळ्याचा कारभार पाहणारा मॅनेजमेंट सर्व्हर जावात का लिहिलेला आहे, याचं उत्तर बहुधा लियांग यांच्या आधीच्या नोकरीत सापडेल.

आता हे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कुणाला लागतं? मोठ्यांचं पाहू. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्याच्या जर्मन मूळ कंपनीने २०१६ मध्ये आपल्या खासगी क्लाउडसाठी ओपनस्टॅक हे खुलं सॉफ्टवेअर निवडलं आणि उभारणीला मिरँटिस ही कंपनी घेतली. तीनच वर्षांनी, २०१९ मध्ये, याच कंपनीने आपल्या १२२ कारखान्यांची माहिती एकत्र आणण्यासाठी अॅमेझॉनशी करार जाहीर केला. एका हाताने स्वतःचा क्लाउड, दुसऱ्या हाताने भाड्याचा. यात विसंगती शोधणाऱ्यांनी कारखान्याचं कँटीन पाहावं. काही पदार्थ आत शिजतात, काही बाहेरून येतात.

भोसरी एमआयडीसीच्या टी ब्लॉकमधल्या युनिटला अर्थातच जर्मन कंपनीइतका खर्च झेपणार नाही. पण प्रश्न तेच आहेत. ग्राहकाची ड्रॉइंग कुठे ठेवता, ती कोण उघडू शकतं, माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा प्रवेश कधी बंद होतो? जर्मन वाहन उद्योगाने २०१७ पासून पुरवठादारांसाठी टायसॅक्स नावाची माहिती-सुरक्षेची तपासणी आणली, तेव्हापासून हे प्रश्न लेखी यायला लागले. स्वतःचा क्लाउड असावा, असं टायसॅक्स कुठेही म्हणत नाही. पण ‘सगळं त्या एका पीसीत आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. दुसरा धक्का बसला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर कंपनी ताब्यात घेतल्यावर. एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घ्यायची पद्धत महिनाभरात बंद झाली आणि दरवर्षीची वर्गणी आली. तोपर्यंत ‘ओपन सोर्स म्हणजे कटकट’ म्हणणारे मालकही मग दुसरी वाट शोधायला लागले.

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे, हेही जाता जाता सांगून टाकतो. परदेशी क्लाउडला डेटा दिला म्हणून तो परदेशी गेला, असं होतंच असं नाही; कदाचित तो नाशिक फाट्यावरून मागे फिरला असेल. तेव्हा स्वतःचा क्लाउड बांधायचं कारण भूगोलात शोधू नका. ते हुकमतीत आहे: कोणतं मशीन कुठे चालतं, कोण बंद करू शकतं, आणि बिघडलं तर आत डोकावता येतं का.

या प्रकरणासाठी एक कल्पित युनिट घेऊ. ब्रॅकेट आणि हाउसिंग मशिनिंग करून चाकणला पाठवणारं, शंभरेक माणसांचं. ईआरपी, टॅली, ड्रॉइंगचा साठा, ग्राहकाकडे पाठवायच्या पीपीएपीच्या, म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायच्या, फाइली आणि सीएनसी मशीनवरून आकडे गोळा करणारा एक छोटा प्रोग्राम, एवढा पसारा. हाताशी तीन सर्व्हर. एकावर मॅनेजमेंट सर्व्हर, डेटाबेस आणि सामायिक साठा. उरलेले दोन होस्ट, म्हणजे ज्यांच्यावर व्हर्च्युअल मशीन चालतात ते. तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल तर हे प्रकरण इथेच मिटा आणि प्रॉक्समॉक्स हे सुटसुटीत सॉफ्टवेअर बसवा. एका सर्व्हरवर क्लाउडस्टॅक चढवणं म्हणजे नुसता व्याप.

ओपनस्टॅक का नको, असं कुणी विचारेल. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी सुरू केलेलं ते सॉफ्टवेअर तगडं आहे, पण तो सुट्या सेवांचा संच आहे. ओळख तपासायला कीस्टोन, डिस्कच्या प्रतिमांना ग्लान्स, मशीन चालवायला नोव्हा, नेटवर्कला न्यूट्रॉन. प्रत्येकाची मांडणी आणि अपग्रेड निराळं. त्यासाठी दोन-तीन माणसं कायमची लागतात. क्लाउडस्टॅकमध्ये एकच मॅनेजमेंट सर्व्हर, एक मायएसक्यूएल डेटाबेस आणि प्रत्येक होस्टवर एक एजंट. आयटीचं काम पाहणारा एक माणूस, तोही अर्धा दिवस प्रिंटरच्या मागे असलेला, एवढं सांभाळू शकतो.

बांधणीकडे वळू. सोर्सची दाबलेली फाइल उतरवली की सोबतची सही आणि चेकसमही उतरवायचा. चेकसम जुळला म्हणजे फाइल वाटेत तुटली नाही. सही जुळली म्हणजे ती रिलीज करणाऱ्याच्याच किल्लीने शिक्कामोर्तब झालेली आहे. सहीची तपासणी बहुतेक लोक गाळतात. मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट न पाहता बार स्टॉक आत घेणाऱ्या युनिटने ती जरूर गाळावी.

बांधायला जावाचा विकास-संच, मेव्हन, पायथन, आणि पडद्यावरचा भाग घडवायला नोड जेएस लागतं. जावाची कोणती आवृत्ती, हे त्या-त्या रिलीजच्या सूचनांत पाहायचं. ‘नवी ती चांगली’ हा नियम इथे लागू नाही. मेव्हन पहिल्याच खेपेला इंटरनेटवरून शेकडो लायब्ररी ओढतो आणि बऱ्याच कारखान्यांत गाडी इथेच अडते. ऑफिसचं इंटरनेट प्रॉक्सीमागे असतं, ब्राउझर व्यवस्थित चालतो आणि मेव्हन मात्र ताटकळत बसतो. कारण मेव्हन संगणकाची प्रॉक्सी आपणहून उचलत नाही. ती त्याच्या स्वतःच्या सेटिंग फाइलमध्ये लिहावी लागते.

बांधणीचे दोन प्रकार आहेत. एक ओएसएस, म्हणजे फक्त खुल्या परवान्याच्या घटकांचा. दुसरा नोरेडिस्ट, त्यात व्हीएमवेअरसारख्यांच्या लायब्ररी लागतात, आणि परवान्याच्या अटींमुळे अपाचीला त्या सोबत वाटता येत नाहीत. आपल्या युनिटला होस्टवर व्हर्च्युअल मशीनसाठी केव्हीएम चालवायचं आहे. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे ओएसएस पुरतं. व्हीएमवेअर सोडण्याच्या वाटेवर काही महिने दोन्ही एकाच पडद्यावरून चालवायचे असतील, तरच दुसरा प्रकार घ्या.

बांधून झालेला कोड त्याच फोल्डरमधून चालवता येतो. विकसकांसाठी ते ठीक आहे, कारखान्यासाठी नाही. सोर्समध्येच पॅकेज करायची सामग्री दिलेली असते. उबंटूसाठी डेब आणि रेड हॅट घराण्यासाठी आरपीएम. ती वापरून मॅनेजमेंट, एजंट, कॉमन अशी आपली पॅकेजं करा आणि आतल्याच एका वेब सर्व्हरवर रिपॉझिटरी म्हणून ठेवा. म्हणजे दोन्ही होस्टवर एजंट हुबेहूब सारखा बसतो आणि काढायचा झाला तर निशाण न ठेवता निघतो. आपल्या पॅकेजच्या आवृत्तीला स्वतःची शेपटी जोडा, नाहीतर सहा महिन्यांनी अधिकृत कुठलं आणि घरचं कुठलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

इथवर काम फत्ते होतं, आणि झालं नाही तर आरडाओरडा करून होत नाही. बिल्ड फसला की पडद्यावर लाल अक्षरात नेमकी ओळ येते. खरी परीक्षा त्यापुढे आहे, कारण कॉन्फिगरेशन चुकलं की ते मुकाट चुकतं. टी ब्लॉकमधल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नवं व्हीएमसी मशीन फाउंडेशनवर बसलं, लेव्हल झालं, पेढे वाटले, तरी सेटरने ऑफसेट घेऊन पहिला जॉब पास करेपर्यंत ते मशीन कमाईचं नसतं. क्लाउडचंही तसंच. बांधणी संध्याकाळभराची, सेटिंग आठवड्याचं.

सेटिंगची सुरुवात कागदावर होते. क्लाउडस्टॅक जगाकडे उतरंडीने पाहतो. झोन म्हणजे ढोबळमानाने एक डेटा सेंटर, त्यात पॉड म्हणजे रॅक, पॉडमध्ये क्लस्टर, म्हणजे एकाच जातीचे होस्ट, आणि शेवटी होस्ट. साठाही दोन प्रकारचा: प्रायमरीवर चालत्या मशीनच्या डिस्का, सेकंडरीवर टेम्पलेट, आयएसओ आणि स्नॅपशॉट. आपल्या युनिटला एक झोन, एक पॉड, एक क्लस्टर, दोन होस्ट. सोपं वाटतं. मग विझार्ड विचारतो, पॉडसाठी राखीव आयपी पत्ते कोणते?

इथे युनिटचा इतिहास बाहेर येतो. १९२.१६८.१ च्या एकाच पट्ट्यात हजेरीचं पंचिंग मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, वायफाय राउटर, डिस्पॅचचा लेबल प्रिंटर आणि कुणीतरी कधीतरी हाताने पत्ता दिलेली चार सीएनसी मशीन नांदत असतात. नोंद कुठेच नसते. त्यातले दहा पत्ते ‘मोकळे दिसतात’ म्हणून क्लाउडला दिले, तर एखाद्या सकाळी क्लाउडचं आतलं मशीन आणि हजेरीचं यंत्र एकच पत्ता मागत भांडायला लागतात, आणि दोष अर्थातच नव्या क्लाउडच्या माथी जातो. तेव्हा आधी आख्ख्या युनिटचे पत्ते लिहून काढा. जमल्यास व्हीएलॅन पाळणारा स्विच घ्या आणि ऑफिस, मशीन शॉप, क्लाउडचं व्यवस्थापन असे तीन पदर करा. मशीन शॉप वेगळं काढण्यासाठी दिलेले पैसे या सगळ्या उद्योगात सर्वांत चांगले खर्च झालेले असतात, असं माझं मत आहे.

होस्टवर नेटवर्कचा ब्रिज करायचा असतो. रूढ नाव क्लाउडबीआर-शून्य. हे काम दुरून लॉगिन करून करू नका. ओळ चुकली की ज्या फांदीवर बसलात तीच तुटते. रॅकपाशी मॉनिटर आणि कीबोर्ड घेऊन उभं राहावं. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू आहे का, तेही तिथेच पाहता येईल. तिन्ही सर्व्हरची घड्याळं क्रॉनी या प्रोग्रामने एकमेकांशी जुळवा आणि प्रत्येकाला पूर्ण डोमेनसकट नाव द्या. नाव नीट नसलं तर पुढच्या पायऱ्यांवर कारण न सांगता गोष्टी अडतात.

सामायिक साठा एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून, देताना रूटला रूटच राहू द्यायचा पर्याय द्यावा लागतो. एरवी सुरक्षेसाठी एनएफएस दुसऱ्या संगणकाच्या रूटला साधा पाहुणा मानतं, आणि मग क्लाउडला डिस्कच तयार करता येत नाही. हा पर्याय सैल आहे हे लक्षात ठेवून तो साठा फक्त त्या होस्टच्या पत्त्यांनाच खुला करा. कागदपत्रांतल्या उदाहरणात तारांकन असतं, म्हणजे सगळ्यांना मुभा. तसं उतरवून घेऊ नका.

डेटाबेस तयार करणारी आज्ञा चालवताना दोन गुप्त किल्ल्या देता येतात. काही दिलं नाही, तर दोन्हींच्या जागी ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द बसतो. मुख्य लॉगिनचंही सुरुवातीला तेच: अॅडमिन आणि पासवर्ड. लॉगिन लोक बदलतात, किल्ल्या विसरतात. डेटाबेसमधल्या गुप्त नोंदी याच किल्ल्यांनी कुलूपबंद होतात. नुसत्या डेटाबेसचा बॅकअप नव्या सर्व्हरवर चढवला आणि किल्ली जवळ नसली, तर त्या नोंदी वाचता येत नाहीत. किल्ल्या कागदावर लिहून कंपनीच्या तिजोरीत ठेवल्या तर मी हसणार नाही.

आता मुकाट चुकण्याचा नमुना. झोन चालू केला की क्लाउडस्टॅक आपल्या कामासाठी दोन छोटी मशीन उभी करतो. एक सेकंडरी साठ्याची ने-आण करणारं, दुसरं व्हर्च्युअल मशीनचा पडदा ब्राउझरमध्ये दाखवणारं. ही मशीन ज्या टेम्पलेटवरून होतात, ते ४.१६ आवृत्तीपासून सॉफ्टवेअरसोबतच येतं. स्वतः बांधलेल्या पॅकेजात ते आलं आहे का, तेवढं तपासायचं. मशीन उभी राहतात, चालू दिसतात, पण त्यांचा एजंट ‘कनेक्टिंग’वर थांबून राहतो. बहुतेक वेळा दोष एका शब्दाच्या ग्लोबल सेटिंगमध्ये असतो. त्याचं नाव होस्ट. त्यात मॅनेजमेंट सर्व्हरचा पत्ता असतो आणि एजंट तिथे ८२५० या पोर्टवर हाक मारतात. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड असली, की कधीकधी भलत्याच कार्डाचा पत्ता तिथे बसतो. चूक पडद्यावर कुठेच लाल होत नाही. सेटिंग सुधारलं, मॅनेजमेंट सर्व्हर पुन्हा सुरू केला, दोन्ही छोटी मशीन नष्ट केली की तो ती आपणहून नव्याने उभी करतो. नष्ट करायला घाबरू नका. त्यांच्यात जपण्यासारखं काही नसतं.

त्यानंतरची अडचण हमखास येणारी. विंडोजची आयएसओ आतल्याच वेब सर्व्हरवर ठेवून तिचा पत्ता दिला, तर क्लाउड ती घ्यायला नकार देतो. आतल्या पत्त्यांवरून काही उतरवायचं नाही, हा मुळातला सुरक्षेचा नियम आहे. परवानगी असलेल्या आतल्या पट्ट्यांची यादी एका ग्लोबल सेटिंगमध्ये लिहावी लागते. हा नियम मला पटतो. नाहीतर क्लाउडचा कुणीही वापरकर्ता ‘टेम्पलेट उतरवतो’ म्हणत आतल्या कुठल्याही सर्व्हरच्या दारावर टकटक करू शकला असता.

सोर्स वाचायची सवय कशासाठी, याचं एक जुनं उदाहरण याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. पूर्वी मशीनचा पडदा दाखवणारी जोडणी मुळात रिअलहोस्टआयपी नावाच्या एका सार्वजनिक डोमेनच्या भरवशावर चालत असे, आणि ते डोमेन सिट्रिक्सच्या ताब्यात होतं. ती सेवा २०१४ मध्ये बंद झाली. ज्यांनी आधीच आपलं डोमेन आणि प्रमाणपत्र बसवलं होतं त्यांना फरक पडला नाही. बाकीच्यांना तेव्हा कळलं, की आपल्या रॅकमधल्या क्लाउडचा एक धागा दुसऱ्याच्या हातात होता.

आणि आता गुरुवार. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे सुट्टीचे वार, अशी ही जुनी व्यवस्था आहे, आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. युनिटमध्ये माणूस नाही, वीज गेलेली, सर्व्हर यूपीएसवर. यूपीएस तासाभराने मान टाकतो. कोणता सर्व्हर आधी बंद पडेल?

याला महत्त्व आहे, कारण केव्हीएम होस्टवरचा एजंट सामायिक साठ्यावर ठरावीक अंतराने आपली हजेरी लिहीत असतो. साठा गायब झाला आणि हजेरी लागेना, तर होस्ट स्वतःलाच तडकाफडकी रीबूट करतो. हेतू चांगला आहे. एकाकी पडलेल्या होस्टवर मशीन चालूच राहिली आणि तीच मशीन दुसऱ्या होस्टवरही उठवली गेली, तर एकाच डिस्कवर दोघे लिहायला लागतील आणि डेटाचं वाटोळं होईल. पण आपल्या युनिटमध्ये साठ्याचा सर्व्हर छोट्या यूपीएसवर आणि होस्ट मोठ्यावर असले, तर साठा आधी जातो आणि ईआरपीसकट दोन्ही होस्ट धाडकन रीबूट होतात. वीज होस्टला मिळत असतानाच! हे वर्तन एजंटच्या सेटिंग फाइलमधून बदलता येतं, पण ते बंद करण्याआधी यूपीएसची जोडणी बदला. साठा आणि नेटवर्क स्विच सर्वांत दमदार यूपीएसवर हवेत. स्विच तर लोक थेट भिंतीच्या प्लगलाच लावतात.

बंद करण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी व्हर्च्युअल मशीन, मग होस्ट, मग मॅनेजमेंट सेवा आणि डेटाबेस, सर्वांत शेवटी साठा. सुरू करताना उलटं. आपल्या मांडणीत साठा आणि मॅनेजमेंट एकाच सर्व्हरवर आहेत, तेव्हा तो सर्वांत आधी उठतो आणि सर्वांत शेवटी निजतो. यूपीएसने बॅटरी खालावल्याचा निरोप द्यावा आणि एका छोट्या स्क्रिप्टने हा क्रम चालवावा, एवढी व्यवस्था केली की गुरुवारी फोन वाजत नाही. मशीन परत सुरू करताना त्यांच्या नेटवर्कची वाहतूक सांभाळणारं छोटं मशीन, म्हणजे व्हर्च्युअल राउटर, क्लाउड स्वतःच आधी उठवतो. पण हाताने किंवा स्क्रिप्टने थांबवलेली मशीन आपणहून उठत नाहीत. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला टॅली उघडत नाही म्हणून ओरड होते, तिचं कारण बहुधा एवढंच असतं.

मेमरीच्या बाबतीत मोह आवरा. आहे त्याहून जास्त मेमरी असल्याचं भासवून मशीन कोंबण्याचं एक सेटिंग आहे. प्रोसेसरचं गुणोत्तर दोन-तीनपर्यंत वाढवायला हरकत नाही, कारण ईआरपी दिवसातला बराच वेळ रिकामंच बसतं. मेमरीचं मात्र एकास एक ठेवा. दोनपैकी एक होस्ट बंद पडला तर सगळी मशीन दुसऱ्यावर मावली पाहिजेत, हा हिशेब आधी करा आणि मगच तिसरं काही मांडा.

राहता राहिला अपग्रेड. नवी आवृत्ती बांधून बसवली, की मॅनेजमेंट सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना डेटाबेसची रचना स्वतः बदलतो. उलट दिशेचा रस्ता नाही. म्हणून सेवा थांबवायची, डेटाबेस आणि किल्ल्यांची फाइल बाजूला काढायची, मगच नवं पॅकेज चढवायचं. सोर्समध्ये तुम्ही काही बदल केले असतील तर ते गिटमध्ये वेगळ्या शाखेत ठेवलेले असावेत आणि नव्या आवृत्तीवर एकेक करून पुन्हा बसवावेत. जो बदल इतरांनाही उपयोगी आहे तो प्रकल्पाकडे पाठवून द्या. स्वीकारला गेला तर पुढच्या वेळी तो सोर्समध्ये आयताच सापडेल. अपग्रेडनंतर व्हर्च्युअल राउटर नव्या टेम्पलेटवर आणण्यासाठी ते एकदा रीस्टार्ट करावे लागतात, आणि तेवढा वेळ त्या नेटवर्कचा बाहेरचा संपर्क तुटतो. चाकणला माल रवाना होताना डिस्पॅचचं लेबल छापायचं असतं, ती वेळ टाळा.